करुणेचा तास घेऊन उपयोग होत नाही, मग काय करायचं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही जीएनएमच्या (नर्सिंगच्या डिप्लोमाच्या) दुसऱ्या वर्षाला शिकवता. मुलींची पोस्टिंग तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरच्या वॉर्डात लागली आहे. इंजेक्शन, सलाइन, चार्टिंग सगळं त्या नीट करतात, पण पेशंटपासून हातभर लांब उभ्या राहून. ड्रेसिंग चालू असताना दोघी एकमेकींकडे बघून हसल्या, ते पेशंटच्या बायकोने पाहिलं आणि ती बाहेर जाऊन रडली. एकीला चक्कर आली, आता ती म्हणते वॉर्ड बदलून द्या. तुम्ही सेवाभावावर तासभर बोललात, मुलींनी माना डोलावल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. म्हणून तुम्ही विचारताय, करुणा शिकवता येते का, की ती अंगात असावीच लागते?

शिकवता येते. पण आपण क्रम उलटा लावतो. आधी भावना मागतो आणि मग काम देतो. आधी काम शिकवा. तिथे नेमकं काय करायचं हे जिला माहीत असतं, ती पळत नाही. आणि जी पळत नाही तिला हळूहळू समोरचा माणूस दिसायला लागतो. (आता वर्गात मुलगेही असतात, पण सवयीने मी मुलीच म्हणते. सांभाळून घ्या.)

माझंच सांगते. दुसऱ्या वर्षाला असताना पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डात एक काका होते. गालाचा कॅन्सर, गालाला आरपार भोक पडलेलं. चमच्याने दूध पाजलं की निम्मं तिथून बाहेर यायचं. वास दारापर्यंत. मी ट्रे घेऊन गेले आणि नकळत रुमाल नाकाला लावला. काका काही बोलले नाहीत. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं आणि उशीचा अभ्रा ओढून गालावर धरला. म्हणजे एवढ्या दुखण्यात त्यांनी माझी सोय पाहिली. इन्चार्ज सिस्टरनी हे लांबून बघितलं होतं. मला वाटलं, आता सगळ्यांसमोर काढणार माझी. त्यांनी मला ड्रेसिंग रूममध्ये नेलं, मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या हातात दिल्या आणि खलात कुटायला बसवलं. कुटता कुटता सांगितलं की हा वास त्या माणसाचा नाही. मेलेल्या मांसात हवेशिवाय वाढणारे जंतू असतात, हा त्यांचा वास आहे. सलाइनने जखम धुवायची, ही पूड गॉजवर पसरून लावायची आणि दोन-तीन दिवस वाट बघायची. तिसऱ्या दिवशी वास बराच उतरला. काकांची बायको आधी पलंगाच्या पायथ्याशी स्टूल घेऊन बसायची. चौथ्या दिवशी ती उशाशी बसलेली मी पाहिली.

त्या सिस्टरनी मला करुणेबद्दल एक शब्द सांगितला नव्हता.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की पोस्टिंगच्या पहिल्या दोन दिवसांत मुलींना किळस कमी करायच्या युक्त्या शिकवा, अगदी प्रोसिजर म्हणून. ड्रेसिंगच्या अर्धा-पाऊण तास आधी दुखण्याचं औषध दिलंय का ते बघायचं. जुनं गॉज कोरडं ओढायचं नाही, सलाइनने चिंब भिजवून मग सोडवायचं, नाहीतर रक्त येतं आणि पेशंट कळवळतो. तो कळवळला की मुलगी घाबरते आणि उरलेलं ड्रेसिंग घाईत उरकते. उशिरा आलेल्या पेशंटच्या जखमेत कधीकधी अळ्या असतात, हे त्यांना आधी सांगून ठेवा. टर्पेंटाइनचा बोळा जखमेशी धरला की अळ्या वर येतात आणि फोर्सेपने काढता येतात, हे एकदा हाताने केलं की मुली जेवताना एकमेकींना आकडे सांगतात, किती निघाल्या ते. ऐकायला विचित्र वाटेल, पण मला ते आवडतं. भीती गेल्याची ती खूण आहे. मास्क पेशंटसमोर उभं राहून चढवायचा नाही, दाराबाहेरच बांधून यायचा. आणि त्याला सांगायचं की सगळ्याच ड्रेसिंगला बांधतो, तुमच्यासाठी वेगळा नाही.

त्या हसणाऱ्या दोघींविषयी. अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी अवघडली की हसते, तिला दुसरं काही सुचत नाही. त्यांना पेशंटसमोर उभं करून माफी मागायला लावू नका. त्या बाईला आणखी एक तमाशा बघावा लागेल. माझ्या मुलींच्या बाबतीत असं झालं तेव्हा मी दुसऱ्या दिवशी त्या दोघींना एकच काम दिलं होतं: नाकातल्या नळीतून जेवण कसं द्यायचं ते बायकोला शिकवणं. डोकं उंच करणं, नळी जागेवर आहे का ते तपासणं, पातळ आणि गाळलेलं अन्न, शेवटी पाणी सोडून नळी धुणं. तीन दिवस तिघी मिळून करत होत्या. डिस्चार्जच्या दिवशी त्या बाईने त्यांना घरचा पत्ता दिला.

आता एक गोष्ट, जी मुली तोंडाने बोलत नाहीत पण मनात ठेवून वॉर्डात येतात. ‘तंबाखू खाल्ली, आता भोगतोय.’ तोंडाच्या कॅन्सरच्या वॉर्डात हा विचार वासापेक्षा जड असतो, कारण त्याला पूड लागू पडत नाही. मी एक घरचा अभ्यास द्यायचे. सुट्टीत घरी गेलात की चुलीपाशी, न्हाणीत, आजीच्या बटव्यात बघा आणि घरात कोण मशेरी लावतं, कोण तंबाखू मळतं, कधीपासून, का, ते विचारून लिहून आणा. निम्म्या वर्गाच्या घरात कोणी ना कोणी निघायचं. एकीने लिहिलं होतं की आजीला नऊ-दहा वर्षांची असताना दाढ दुखते म्हणून तिच्या आईनेच मशेरी दिली होती. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या मुलीने लिहिलं होतं की तंबाखू धरली की दुपारपर्यंत भूक लागत नाही आणि कोयता थांबत नाही. राज्यात गुटखाबंदी २०१२ साली आली, तरी २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातल्या दर चार प्रौढांमागे एक जण तंबाखू वापरणारा निघाला, आणि त्यांतले बहुतेक खाणारे किंवा लावणारे. हे आकडे मी अभ्यास वाचून झाल्यावर फळ्यावर लिहायचे, आधी नाही. आधी आजी, मग आकडा. त्यानंतर वॉर्डात गेलेल्या मुलीला पेशंटच्या जागी आजी दिसते, आणि ‘कशाला खायचं मग?’ हे वाक्य निम्म्यात गिळलं जातं. तंबाखू सोडण्याविषयी बोलायचं नाही असं मी म्हणत नाही. जरूर बोला, पण पेशंटच्या भावाशी, मुलाशी, आणि पेशंटला तिथे आरोपी करून न बसवता.

आवाजाचा प्रश्न तोंड-घशाच्या वॉर्डातच कळतो. ट्रॅकिओस्टॉमी (श्वासासाठी गळ्याला भोक पाडून नळी बसवणं) झालेल्या माणसाचा आवाज जातो, कान शाबूत असतात. तरी मुली त्याच्याशी ओरडून बोलतात, नाहीतर त्याच्या डोक्यावरून नातेवाइकाला विचारतात, ‘यांना भूक लागलीय का?’ प्रत्येक पलंगाला पाटी-पेन्सिल द्या. लिहिता न येणाऱ्यांसाठी मुलींकडून चित्रांचं कार्ड करून घ्या: पाणी, दुखतंय, कफ काढा, लघवी, घरच्यांना बोलवा. चित्रं पेशंटला विचारून काढायची. आणि सर्वांत अवघड नियम म्हणजे तो लिहीत असताना मध्येच ओळखून वाक्य पुरं करायचं नाही. थांबायचं.

आमच्याकडे एक शेतकरी काका तीन दिवस पाटीवर एकच शब्द लिहायचे, ‘गाय?’ सगळ्यांना वाटलं भ्रम झालाय. राउंडला तशी चर्चाही झाली. एका मुलीने रात्रपाळीत त्यांच्या मुलाला फोन लावला, तेव्हा कळलं की ऑपरेशनला निघाले तेव्हा गाय व्यायला टेकलेली होती. मुलीने पाटीवर लिहिलं, ‘कालवड झाली.’ काकांनी बाहीने पाटी पुसली आणि लिहिलं, ‘रंग?’ तिने पुन्हा फोन लावला. रात्रीचे अकरा वाजले होते. ही मुलगी थिअरीत जेमतेम पास होत होती.

तेव्हापासून केस प्रेझेंटेशनचा माझा नियम बदलला. ‘बेड नंबर १४, कार्सिनोमा बक्कल म्युकोसा’ (म्हणजे गालाच्या आतल्या बाजूचा कॅन्सर) अशी सुरुवात केली की मी खाली बसवायचे. नाव, गाव, आणि आजाराशी संबंध नसलेली एक तरी गोष्ट आधी सांगायची. निदान त्याच्यानंतर. पहिल्या आठवड्यात मुली ‘त्यांना दोन मुलं आहेत’ एवढंच आणतात. चालेल. चौथ्या आठवड्यात ‘ते बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे आणि आता ओठ मिटत नाहीत’ असं काहीतरी येतं आणि वर्ग गप्प होतो.

दुखण्याबद्दल मुली फार लवकर ‘नाटक करतोय’ म्हणू लागतात, कारण वॉर्डातले मोठेही तसं म्हणतात. शून्य ते दहा ही मोजपट्टी खेड्यातल्या म्हाताऱ्यांना कळत नाही. त्यांना विचारा, काल रुपयाएवढं दुखत होतं तर आज किती आणे? ‘बारा आणे’ असं उत्तर येतं, आणि औषधानंतर ‘चार आणे’ ऐकलं की मुलीलाच हुरूप येतो. मॉर्फिनची भीती मुद्दाम काढावी लागते. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यानंतर ते मिळणं इतकं किचकट झालं होतं की डॉक्टर-नर्सच्या पिढ्या ते न हाताळताच तयार झाल्या. २०१४ च्या दुरुस्तीने वाट मोकळी केली, पण डोक्यातली भीती राहिली. तोंडाने घ्यायचं मॉर्फिन दर चार तासांनी घड्याळाप्रमाणे द्यायचं असतं, पेशंटने विव्हळून मागेपर्यंत थांबायचं नसतं, आणि सोबत शौचाला साफ होण्याचं औषध हवंच. हे पाठ करून घ्या.

याच ठिकाणी मी त्यांना सिसिली सॉन्डर्स यांच्याबद्दल सांगते. १९६७ साली लंडनला सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस (बरं न होणाऱ्या पेशंटची शेवटपर्यंत काळजी घेणारं ठिकाण) काढणाऱ्या या बाई मुळात नर्स होत्या. पाठीच्या दुखण्यामुळे नर्सिंग सोडावं लागलं, मग रुग्णालयात समाजसेविका झाल्या, मग डॉक्टर. दुखणं शरीराचं असतं, मनाचं असतं, घरादाराचं असतं आणि श्रद्धेचंही असतं, आणि ते सगळं मिळून एकच दुखणं होतं, ही त्यांची मांडणी. आमच्या वॉर्डात एक जण रोज दुपारी चारला हमखास दुखतंय म्हणून बेल वाजवायचा. चार वाजता त्याच्या बायकोचा फोन यायचा आणि ती कोणाकोणाचे पैसे द्यायचे राहिलेत ते सांगायची. गोळीचा डोस वाढवून ते थांबलं नाही. समाजसेवा विभागाच्या ताईंनी उपचारांच्या सरकारी योजनेचे कागद पुरे केले, तेव्हा बरंच थांबलं.

पेशंटला वॉर्डाबाहेर बघणं फार उपयोगी पडतं. परळच्या टाटा हॉस्पिटलला येणारे कितीतरी पेशंट दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरतात. मुंबईजवळ असाल तर परवानगी काढून, चार-पाच जणींनाच, एकदा तिथे न्या. पलंगावर ज्याला आपण ‘केस’ म्हणतो, तो तिथे भाजी निवडत असतो, नातवाला रागावत असतो, नळावर नंबर लावत असतो. वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ साली सुरू झालं, देशातलं पहिलं हॉस्पिस. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर (दुखणं आणि त्रास कमी करणाऱ्या उपचारांचं) सेंटर १९९७ पासून आहे. तिथे गेलात तर मुलींना मोबाइल पिशवीत ठेवायला सांगा. चाळीस जणींची सहल मात्र नेऊ नका, कोणत्याही पेशंटला स्वतःचं प्रदर्शन झालेलं आवडत नाही. पेशंटला वर्गात बोलवायचं असेल तर तो शिक्षक म्हणून येतो: त्याला गाडीभाडं द्या, खुर्ची पुढे मांडा, आणि काय विचारलेलं चालणार नाही ते त्याने आधी ठरवू द्या.

वर्गात करायचा एकच प्रयोग मला खरोखर चांगला वाटतो, बाकीचे नाटकी असतात. डेमो रूममध्ये मुलीला दोन तास पलंगावर झोपवा. बोलायचं नाही, मोबाइल नाही, पाण्याचा ग्लास हात पोचणार नाही इतक्या अंतरावर. बाकीच्यांनी नेहमीसारखी कामं करायची: चादर बदलायची, राउंड घ्यायचा. एकीने नंतर लिहिलं, ‘दोघी माझ्या अंगावरून चादर ओढत बहिणीच्या साखरपुड्याच्या साडीबद्दल बोलत होत्या. मी आहे हे त्यांना माहीत होतं, तरी मी नव्हते.’ पुढच्या दिवशी सगळ्या पलंगांजवळचे ग्लास सरकलेले दिसतात.

रात्री दोनला पेशंट विचारतो, ‘सिस्टर, मी बरा होईन ना?’ आणि त्याच्या मुलाने दारातच बजावलेलं असतं, ‘बाबांना काही सांगू नका.’ या प्रसंगात मुलगी एकटी असते, म्हणून त्याची तालीम आधीच, जोड्या करून, तोंडाने मोठ्याने करून घ्या, जशी इंजेक्शनची करतो. निदान सांगणं हे विद्यार्थिनीचं काम नाही, पण खोटं बोलणंही नाही. स्टूल ओढून बसायचं. ‘आज असं का वाटलं तुम्हाला?’ एवढं विचारायचं. तो सांगेल ते ऐकायचं. मग, ‘याचं उत्तर मला देता येणार नाही, पण तुम्हाला बोलायचंय हे मी डॉक्टरांना सकाळी सांगते,’ आणि ते खरोखर रिपोर्ट बुकात लिहायचं. ‘काही होत नाही हो’, ‘देवावर भरवसा ठेवा’, ‘रडू नका’ ही तीन वाक्यं मी माझ्या वर्गात बंद केली होती. देवाचं नाव पेशंटने काढलं तर गोष्ट वेगळी.

वेळ कुठे आहे, असं तुम्ही म्हणाल. साठ पेशंट आणि दोन सिस्टर, मला माहीत आहे. पण ड्रेसिंगला वीस मिनिटं लागतातच; त्या वीस मिनिटांत त्याच्याशी बोलायचं की शेजारणीशी, एवढाच प्रश्न आहे.

मार्कांचं सांगते, कारण ज्याला मार्क नाहीत ते मुली करत नाहीत आणि त्यात त्यांची चूक नाही. करुणेवर निबंध लिहून घेऊ नका, सुंदर निबंध येतात. लांब उभं राहून बघा. हात लावायच्या आधी सांगितलं का? पडदा ओढला का? हात धुऊन आली ते पेशंटला दिसलं का? निघताना पाणी आणि बेल त्याच्या चांगल्या हाताला ठेवली का? याला मार्क द्या.

आणि हे करताना स्वतःवरही नजर ठेवा. माझी एक चूक अजून सलते. एक मुलगी शेवटच्या घटका मोजणाऱ्या आजींचा हात धरून बसली होती आणि दुपारचं टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्टिंग राहिलं होतं. मी वॉर्डाच्या मधोमध तिला झापलं, ‘इथे बसायला पगार मिळतो का?’ तिला तर पगारही मिळत नव्हता. ती उठली, तापमान घेत फिरली आणि आजी त्या अर्ध्या तासात गेल्या. त्यानंतर वर्षभर तिने सगळे चार्ट वेळेवर भरले. मी तिला काय शिकवलं ते मला नीट दिसत होतं. आता पहिला मृत्यू बघितलेल्या मुलीला मी त्या दिवशी दुसरं काम देत नाही. मृतदेहाची शेवटची तयारी तिच्यासोबत मी स्वतः करते, गप्प राहून, आणि मग कँटीनला चहा घेतो. तिला बोलायचं नसेल तर आम्ही बोलत नाही. घरात नुकतंच कोणी कॅन्सरने गेलेलं असेल, तर पोस्टिंग लावण्याआधी त्या मुलीला बाजूला घेऊन विचारते. काहींना तिथेच जायचं असतं, काहींना सहा महिने नको असतं.

राहिली तुमची चक्कर आलेली मुलगी. वॉर्ड बदलून देऊ नका, पण जखमेपाशीही उभी करू नका. पहिला आठवडा तिला पेशंटच्या उशाशी बसवा. ड्रेसिंग दुसरीने करायचं, हिने पेशंटचा हात धरून त्याच्याकडे बघायचं, जखमेकडे नाही. दुसऱ्या आठवड्यात ट्रे धरू द्या, तिसऱ्यात फोर्सेप. गरगरायला लागलं तर ट्रे खाली ठेवून सरळ जमिनीवर बसायचं, त्यात लाज नाही, हे सगळ्यांसमोर सांगा. आणि तिने सकाळी काही खाल्लं होतं का ते विचारा. मॉर्निंग ड्युटी सातला सुरू होते आणि होस्टेलचा नाश्ता साडेसातला लागतो. आमच्याकडे हे जुळत नाही, हे माझ्या लक्षात यायला चार वर्षं लागली होती.